पुरावा कुठे आहे? महाडचा दावा, नागपूरचा ‘एआयआर’ आणि वकिलांच्या हाती आलेले एआय

आपल्या चळवळीतल्या तरुण वकिलांमध्ये सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे सगळी भांडवलदारांची यंत्रे आहेत, त्यांत आपल्या माणसाचे काही भले नाही, लांब राहिलेले बरे. दुसरे मत याच्या नेमके उलटे. आता सीनिअरच्या चेंबरमध्ये चकरा मारायची गरज नाही, मोबाइलवर विचारले की युक्तिवाद तयार! आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. लांब राहायचे म्हटले तरी समोरच्या पक्षाने ते यंत्र केव्हाच जवळ केले आहे. आणि यंत्रावर विसंबून कोर्टात उभे राहायचे म्हटले, तर पहिला बळी आपल्याच पक्षकाराचा जाणार आहे.

आमचे म्हणणे असे की आपल्या वकिलांना हे साधन रीतसर शिकवले पाहिजे, आणि त्या शिक्षणाची सुरुवात यंत्रापासून न होता पुराव्यापासून झाली पाहिजे. हे का, ते समजायला थोडे मागे जावे लागते. तो इतिहास बराचसा आपल्या नागपूरचाच आहे.

वकिलाचे खरे भांडवल म्हणजे पूर्वीचे निवाडे. आज जो मुद्दा कोर्टापुढे आहे, त्यावर आधी वरच्या कोर्टाने काय म्हटले, हे दाखवता आले की निम्मी लढाई झाली. भारतात हे निवाडे अधिकृतपणे छापून त्यांना कोर्टात मान देण्याची व्यवस्था १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स अॅक्टने लावली. १८९९ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू झाला. आणि १९१४ मध्ये व्ही. व्ही. चितळे यांनी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ स्थापन केला, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातला ‘एआयआर’. नागपूरच्या काँग्रेसनगरातून निघणारे हे खंड देशभरातल्या कोर्टांत उघडले गेले. काश्मीर असो की केरळ, वकील उभा राहून ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणाला की न्यायाधीशाला कळते की केशवानंद भारती खटल्याबद्दल बोलणे चालले आहे. वर्ष, कोर्ट आणि पानाचा आकडा, बस्स एवढेच. पण त्या तीन गोष्टींत एक हमी आहे. मी म्हणतो ते खरोखर घडले आहे, हे घ्या पान, उघडून बघा. संत्र्यांच्या पलीकडे नागपूरने देशाला काय दिले असे कोणी विचारले, तर ही उघडून बघण्याची सोय दिली असे खुशाल सांगावे.

मात्र ही सोय कोणासाठी होती? दरवर्षी खंडांची भर पडणार, ती विकत घ्यायला पैसा हवा, ठेवायला जागा हवी, आणि कोणत्या मुद्द्याला कोणता खंड काढायचा हे सांगणारा सीनिअर हवा. ज्याच्या घरात आजोबा वकील, त्याला हे तिन्ही वारशात मिळायचे. एम.ए.ला असताना आम्ही बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना वाचली होती. तिचा अर्थ परीक्षेपुरता समजला होता. सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या वकिलांच्या घरातली छतापर्यंत गेलेली पुस्तकांची कपाटे पाहिली तेव्हा तो पुरता उलगडला. बस्तीतून आलेला पहिल्या पिढीचा वकील या कपाटांपर्यंत पोचायचा तो कोणाचा तरी ज्युनिअर म्हणून, आणि ज्युनिअर कोणाला ठेवायचे हे ठरवताना आडनाव विचारले जात नव्हते, असे म्हणायची आमची तयारी नाही.

खुद्द बाबासाहेबांना हे भोगावे लागले. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला, कोलंबियाचा विद्वान माणूस १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करतो आणि त्याला काम देणारे सॉलिसिटर मिळत नाहीत. अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ कोण देणार? म्हणून मोठ्या पैशाची ओरिजिनल साइड सोडून त्यांना अपिलांची आणि जिल्ह्याच्या कोर्टांतली कामे धरावी लागली. १९२६ मध्ये पुण्याला ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जवळकर, जेधे या सत्यशोधकांची बाजू अपिलात लढवून त्यांना सोडवले. आपल्या तरुणांना हे माहीत असते. कमी आठवले जाते ते हे की बाबासाहेबांनी वकील घडवण्याचे कामही केले. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला, १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथले प्राचार्य. कायद्याचे शिक्षण कोणाला आणि कसे मिळावे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पोटापाण्यापुरता नव्हता.

आता महाडकडे येऊ. महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, २० मार्चला अभिवादन करतो, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाच्या सभा घेतो. पण महाडचा दावा किती जणांना माहीत आहे? रस्त्यावरची लढाई एका वर्षात गाजली, कोर्टातली दहा वर्षे चालली. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर महाडच्या सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा ठोकला. चवदार तळे हे आमचे आहे, अस्पृश्यांनी त्याला हात लावायचा नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे जाहीर करून द्या, ही त्यांची मागणी. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला हजारो माणसे जमली होती, बाबासाहेबांनी मनात आणले असते तर तळ्याचे पाणी त्या दिवशी पुन्हा घेतले गेले असते. त्यांनी लोकांना समजावले, हुकूम मोडला नाही, मिरवणूक तळ्याभोवतून नेली आणि लढाई कोर्टात नेली. त्या दिवशी अनेकांना हे पटले नसेल. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला, जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, वादी अपिलात गेले, तिथेही हरले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने न्या. ब्रूमफिल्ड यांच्या निवाड्याने त्यांचे अपील खर्चासह फेटाळले. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’, ३९ बॉम्बे लॉ रिपोर्टर १२९५.

या निवाड्यात नेमके काय झाले ते नीट समजून घ्यावे, कारण आमचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरले. उरला प्रश्न रूढीचा. वादी म्हणत होते की असेच चालत आले आहे. कोर्टाने विचारले, कधीपासून? पुरावा काय? कायद्यात रूढी टिकायची तर ती प्राचीन, निश्चित आणि अखंड असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर असतो. सवर्णांच्या घरांनी वेढलेल्या तळ्यावर अस्पृश्य पूर्वी आले नाहीत, एवढ्यावरून त्यांना अडवण्याचा हक्क होता असे ठरत नाही. अनादी काळाचा दावा करणाऱ्यांना तो काळ दाखवता आला नाही, म्हणून ते हरले. आता हेही खरे की हायकोर्टाने अस्पृश्यता अन्यायी आहे असे काही म्हटले नाही, तेवढी त्या वसाहती न्यायाची धाव नव्हती. पण पुराव्याची कसोटी लावली आणि हजारो वर्षांचा थाट कोसळला. आपल्याकडे ‘पूर्वापार’, ‘शास्त्रात लिहिले आहे’, ‘सगळ्यांना माहीत आहे’ या शब्दांनी जेवढी माणसे मारली तेवढी तलवारीने मारली नसतील. बाबासाहेबांनी या शब्दांना एकच प्रश्न विचारला. कुठे लिहिले आहे ते दाखवा.

हाच प्रश्न आता एआयला विचारायचा आहे.

चॅटजीपीटीसारखे यंत्र कायद्याचे पुस्तक उघडून वाचत नाही. अफाट मजकूर वाचून त्याने एक सवय लावून घेतली आहे, या शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येतो याची. त्यामुळे अमुक मुद्द्यावर हायकोर्टाचा निवाडा दे म्हटले की निवाड्यासारखे दिसणारे काहीतरी ते लिहून देते. पक्षकारांची नावे असतात, वर्ष असते, पानाचा आकडा असतो, कधी न्यायमूर्तींचे वाक्यही असते. सगळे नीटनेटके. कधी ते खरे असते, कधी तसा खटलाच झालेला नसतो. आता या यंत्रांना इंटरनेटवर शोध घेण्याची सोय जोडली आहे, त्याने चुका कमी होतात, थांबत नाहीत. मौज अशी की ‘एआयआर’मधला शेवटचा ‘आर’ म्हणजे रिपोर्टर, जे झाले तेच नोंदवणारा. ‘एआय’मध्ये नेमका तोच ‘आर’ नाही.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा खोटे निवाडे दाखल केले, जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते परदेशातले म्हणून हसून सोडून देता आले. पण बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ चा आपलाच आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले होते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने एका कंपनीवरचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. आकारणी अधिकाऱ्याने ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते सापडलेच नाहीत. यंत्राने दिलेले उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका, असे कोर्टाला सांगावे लागले.

या शेवटच्या प्रकरणावर जरा थांबू या. यात खोटे दाखले वकिलाने दिले नव्हते, ते सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशात होते. म्हणजे नागरिकाविरुद्ध निर्णय करणाऱ्या टेबलावर यंत्राचा मजकूर न तपासता पोचला होता. कंपनीकडे पैसा होता, चांगले वकील होते, त्यांनी एकेक दाखला शोधला आणि खोटेपणा पकडला. हाच प्रकार अतिक्रमणाच्या नोटिसीत झाला तर? जात पडताळणीच्या आदेशात झाला तर? झोपडपट्टीतल्या बाईचा वकील ते तीन निवाडे शोधायला जाईल का? त्याला शोधायचे कुठे हे कोणी शिकवले आहे का?

नागपूरकरांनी तर हा प्रश्न इतरांच्या आधी विचारायला हवा, कारण न्यायव्यवस्थेतल्या एआयची गोष्ट आपल्या शहराला वळसा घालून जातच नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे भारतीय भाषांत आणणारे ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०१९ मध्ये आले आणि न्यायाधीशांना संशोधनात मदत करणारे ‘सुपेस’ एप्रिल २०२१ मध्ये, दोन्ही नागपूरचे सुपुत्र सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या काळात. ज्यांची वकिली आपल्या नागपूर खंडपीठात घडली ते न्या. भूषण गवई, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, यांनी मार्च २०२५ मध्ये केनियात बोलताना चॅटजीपीटीने रचलेल्या खोट्या दाखल्यांबद्दल इशारा दिला होता. आणि या दोन्हींपेक्षा आपल्या रोजच्या जगण्याला भिडणारी गोष्ट म्हणजे पोलीस. २०२४ मध्ये राज्य शासनाने पोलिसांसाठी एआय तयार करणारी ‘मार्व्हल’ ही संस्था आयआयएम नागपूरला सोबत घेऊन इथेच उभी केली. तिच्यातून तयार झालेले ‘महाक्राइमओएस’ आधी नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत चालवले गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. तपास अधिकाऱ्याला कागदपत्रांतून माहिती काढून देणे, कायद्याची कलमे सुचवणे, तपासाची दिशा आखून देणे हे त्याचे काम.

म्हणजे फिर्याद लिहिणाऱ्याकडे यंत्र आहे. आरोपीच्या आणि पीडिताच्या वकिलाकडे काय आहे?

अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत कलम लावण्याच्या टप्प्यावरच बरेच काही ठरून जाते, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या कैदेत केले. पण दोन्ही कोर्टांत अॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही, जातीच्या कारणावरून हे घडले असे सिद्ध झाले नाही असे ठरले. त्या वेळच्या कलम ३(२)(५) मध्ये पीडित अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा केला, असे सिद्ध करावे लागत होते. चळवळीने, वकिलांनी, अभ्यासकांनी वर्षानुवर्षे यावर बोट ठेवले. शेवटी २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ते शब्द बदलले. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरते. दोनतीन शब्दांचा फरक, पण त्यामागे किती माणसांचे रक्त आहे.

यंत्राला हे कलम विचारा. कधी नवे शब्द येतील, कधी जुने, कारण त्याने वाचलेल्या मजकुरात जुने निवाडे जास्त आहेत. जातीवाचक शिवीगाळीचे जुने कलम ३(१)(१०) होते, ज्याला वकील ‘तीन एक एक्स’ म्हणतात. आता ते ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये आले आहे. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, ३०२ चे १०३ झाले, ४२० चे ३१८. जुन्या आकड्यांची सवय माणसाला जशी सोडवत नाही तशीच यंत्रालाही. याहून धोक्याचे उदाहरण २०१८ चे. सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटीत अटकेपूर्वी मंजुरी आणि प्राथमिक चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलचा भारत बंद झाला, तरुणांनी जीव गमावले. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणले, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपलेच निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान प्रकरणात दुरुस्ती वैध ठरवली. आता एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी अटकपूर्व जामिनाच्या अर्जाला कोणी महाजन निवाडा जोडला, आणि तो यंत्राने काढून दिला असेल, तर तो निवाडा खोटा नाही! तो छापलेला आहे, खरा आहे, फक्त त्याचा कणा मोडलेला आहे. पुढे काय झाले हे यंत्र आपणहून सांगेलच असे नाही. २ एप्रिलला रस्त्यावर उतरलेल्यांनी जे मिळवले, ते न तपासलेल्या एका पानाने कोर्टात गमावले जाऊ शकते. म्हणून दाखला खरा आहे का, एवढे विचारून भागत नाही. तो आजही जिवंत आहे का, हेही विचारावे लागते.

दुसरी अडचण भाषेची. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते. खाली जिल्हा आणि तालुका कोर्टांत १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी ही कोर्टाची भाषा आहे. पीडिताची भाषा मात्र तिसरीच, वऱ्हाडी नाहीतर झाडीबोली. समजा फिर्यादी म्हणते, “मले सगळ्याईसमोर हापशीपाशी जातीवरून बोलला.” एआयला हे नीट मराठीत लिहून दे म्हटले की ते लिहिते, ‘आरोपीने सार्वजनिक ठिकाणी फिर्यादीचा जातीवरून अपमान केला.’ वाक्य शुद्ध झाले आणि केस पातळ झाली. कोणता शब्द उच्चारला? हापशीवर कोण कोण होते? २०२० च्या हितेश वर्मा निवाड्यानंतर घटना लोकांच्या नजरेसमोर घडली का, याची कोर्टात चिरफाड होते. साक्षीदारांची नावे आणि तोंडचा नेमका शब्द हाच पुरावा. शिवीगाळ यंत्राला अशोभनीय वाटते, म्हणून ते ती गाळते किंवा गुळगुळीत करते. पण ती शिवी जशीच्या तशी कागदावर आली नाही तर गुन्हाच उभा राहत नाही. सभ्य भाषेने आपल्यावरचा अत्याचार झाकण्याची ही रीत यंत्राने कोणाकडून उचलली, ते वेगळे सांगायला नको.

जातीचा वास यंत्राला लागलेला आहेच. समाजशास्त्राच्या एका भारतीय संशोधकाने आपला अर्ज भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटीला दिला, तर यंत्राने त्याचे आडनावच बदलून ‘शर्मा’ करून टाकले, अशी हकीकत ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापली होती. विद्वानाचे आडनाव शर्माच असणार, हा अंदाज त्याने कशाच्या आधारे बांधला? त्याने वाचलेल्या जगाच्या आधारे. हेच यंत्र उद्या जामिनाच्या अर्जात आरोपीचे ‘पार्श्वभूमीवर्णन’ लिहून देणार आहे.

इतके सगळे असूनही आम्ही शिका म्हणतो, ते का? कारण याच यंत्राने चारशे पानांच्या दोषारोपपत्रातून तारखांचा क्रम अर्ध्या तासात लागतो. दोन साक्षीदारांचे जबाब शेजारी ठेवून विसंगती दिसते. इंग्रजी निवाड्याचा आशय मराठीत समजतो. पहिल्या पिढीचा जो वकील इंग्रजीच्या धास्तीने हायकोर्टाची पायरी चढत नाही, त्याच्या मसुद्यातले व्याकरण दुरुस्त होते. ज्याला सीनिअरने कधी समोर बसवून शिकवले नाही, त्याला उलट बाजूचा वकील काय विचारील, याचा सराव रात्री अकरा वाजता घरी करता येतो. कपाटे ज्यांच्या घरात होती त्यांना यातले बरेच आधीपासून मिळत होते. आपल्याला ते आता मिळू शकते, आणि आपण यंत्र अशुद्ध आहे म्हणून बाजूला बसायचे? विटाळाची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही.

पडताळणीची साधनेही आता फुकट आहेत, हे विसरू नये. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर विनामूल्य आहेत, त्यांतले कित्येक मराठीतही. हायकोर्टांचे निवाडे त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. एआयआरचे खंड विकत घेणे बाबासाहेबांच्या काळात जितके अवघड होते, तितके दाखला तपासणे आज अवघड नाही. अवघड आहे ती सवय. यंत्राने दाखला दिला की मूळ निवाडा उघडायचा, ज्या परिच्छेदाचा आधार घेतला तो स्वतः वाचायचा, पुढे तो बदलला का ते पाहायचे, मगच कागदावर घ्यायचा. आणि पीडितेचे नाव, गाव, जबाब कोणत्याही सार्वजनिक यंत्रात टाकायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे वकिलाचे बंधन आहे. लहान गावात नाव गाळले तरी घटनेवरून बाई ओळखू येते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आता प्रश्न असा की हे शिकवणार कोण आणि कोणाला? मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म आपल्या वकिलांना शिकवतच आहेत. फी भरून ऑनलाइन कोर्स मिळतात, तेही इंग्रजीत. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचे धोरण काढले, निर्णय करण्यासाठी यंत्र वापरायला बंदी घातली, प्रशिक्षणाची तरतूद केली. चांगले केले, पण ते न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी मंजूर केले आहेत, त्यांत एआयसारख्या भावी तंत्रज्ञानाला ५३.५७ कोटी. या पैशातून उमरेड, काटोल, रामटेकच्या बार रूममध्ये बसलेल्या वकिलाच्या वाट्याला काय येणार, हे आपण विचारायला हवे.

आमच्या मते सुरुवात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांपासून व्हावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. म्हणजे आपला सर्वांत गरीब माणूस ज्या वकिलाच्या हाती जातो, त्यालाच हे आधी शिकवले पाहिजे. नागपुरात बाबासाहेबांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे, २०१६ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, वस्त्यावस्त्यांत विहार आणि अभ्यासिका आहेत. जागेची अडचण नाही. वर्ग मराठीत घ्यावेत, बांधीव भाषणे टाळावीत, प्रत्येकाने आपली एक जुनी, निकाली लागलेली फाइल नावे काढून आणावी.

आणि पहिल्या तासाला एकच काम द्यावे. यंत्राला विचारायचे, चवदार तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाने काय ठरवले? उत्तर छापून घ्यायचे. मग ३९ बॉम्बे लॉ रिपोर्टर, पान १२९५ उघडायचे आणि यंत्राची एकेक ओळ त्या निवाड्याशी ताडून पाहायची. तारीख बरोबर आहे का, न्यायमूर्ती बरोबर आहेत का? हायकोर्टाने जे म्हटलेच नाही ते यंत्राने गौरवाच्या भरात त्याच्या तोंडी घातले आहे का? जी ओळ निवाड्यात सापडणार नाही, तिच्यावर लाल पेनाने रेघ मारायची.